पत्ता

रात्रपाळी. ओहायो, मस्किंगमचा काठ,
अग्निशमन केंद्र नंबर दोन.
कॉफीचं यंत्र खोकतंय,
आणि टेबलावर पन्नास राज्यं पसरलीयत.
खालच्या कडेला डेल्बर्टने सांडलेल्या सुपाचा डाग,
तो आम्ही आता समुद्रातच धरतो.

खोका कुणाच्या तरी गराजमधून आणलेला, दीड डॉलरला.
झाकणावर हात हलवणारा उमेदवार;
छापताना रंग जरा सरकलाय,
त्यामुळे त्याचं हसू ओठांच्या बाहेर गेलंय.
निळ्या सोंगट्या कमी पडल्या तेव्हा
रोझलिंडने जुन्या युनिफॉर्मची बटणं कापून आणली.
कॅलिफोर्नियावर आज तिची तीन बटणं आहेत
आणि ती कुणाला हात लावू देत नाही.

फासे टाका. विमानाने जा. भाषण करा.
पैसे संपले तर एक फेरी गप्प बसा.
दोनशे सत्तर झाले की जिंकलात.
पत्ता उचला: वादविवादात घाम फुटला, दोन घरं मागे.
पत्ता उचला: मेहुण्याने पत्रकारांसमोर तोंड उघडलं,
पन्नास हजार भरा.

वेंडेल दरवेळी अलास्काला जातो.
जायला दोन फेऱ्या, यायला दोन, मतं तीन.
अरे, काय ठेवलंय तिथे?
"कुणी जात नाही ना," म्हणतो,
आणि एकुलती एक लाल सोंगटी बर्फात नीट सरळ करतो.

आमच्याकडे मात्र सगळे येतात.
ओहायो: फिकट पिवळा तुकडा, मधोमध पंचवीस.
नदी काढलेली नाही, पूल नाही,
बंद पडलेला काचकारखाना नाही.
सोंगट्यांची उतरंड लागलीय नुसती,
एक जण शिंकला तर सत्तापालट होईल.

दोन वाजून दहा मिनिटं. माझी पाळी.
मी पत्ता उचलला,
आणि भिंतीवरच्या कर्ण्याने दुसराच पत्ता वाचला:
एकशे चौदा, सिकामोर स्ट्रीट.

इमोजीन स्ट्रूप, वय एक्क्याऐंशी,
अंगणात उभी. एक सपाता पायात, एक नाही.
हातात स्वयंपाकघरातला अख्खा खण, चमच्यांसकट.
माणसं काय घेऊन बाहेर पडतील, सांगता येत नाही.
एकदा एकाने नुसता शॉवरचा पडदा आणला होता.
डेल्बर्टने कुंपणाजवळची प्रचाराची पाटी उपटली,
गेल्या नोव्हेंबरपासून तिथेच होती, काढायला कोण येतंय,
आणि बर्फावर आडवी टाकली, तिच्या उघड्या पायाखाली.
नाव वरच्या बाजूला होतं की खालच्या, कुणी पाहिलं नाही.

छप्पर तीनच्या सुमाराला बसलं.
शेजारची दोन घरं वाचली.
ती चमचे मोजत होती.
मधेच मला म्हणाली, "तुम्ही मागेही आला होता ना,
मत मागायला?"
नाही, बाई.
"मग ते कोण होते? फार गोड बोलले."

परत आलो तेव्हा पाच वाजायला आले होते.
पट तसाच. कॉफीवर साय.
कुणाची पाळी होती, कुणाला आठवेना;
मग माझ्या शर्टाच्या खिशातून पत्ता निघाला,
घामाने मऊ झालेला.
"अफाट गर्दी! चार घरं पुढे."
मी सोंगटी उचलली. एक, दोन,
आणि पुढे मोजायला जमेना.
वेंडेलने काही न बोलता ती माझ्या हातातून घेतली,
खोक्यात ठेवली.

रोझलिंड अहवाल भरत बसली होती.
नाव. वय. जखमा: नाहीत.
कारण: बहुधा हीटर.
मग एका रकान्यापाशी पेन थांबलं.
"सध्याचा पत्ता," तिने मोठ्याने वाचलं,
आणि आमच्या तिघांकडे पाहिलं,
जणू आमच्यापैकी कुणी तरी
तो लपवून ठेवलाय.